पानावरचं मीठ

पुट्टण्ण ऐताळांना काळजी करणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. आळशाचा नाही, खोटारड्याचा नाही, चोराचासुद्धा नाही. चोर निदान ठरवून काहीतरी करतो, असं त्यांचं म्हणणं. पण बस चुकेल म्हणून तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारा, कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघणारा, मुलाचा फोन आला नाही की लगेच देवाला नारळ कबूल करणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "असल्यांना जेवायला वाढणं म्हणजे अन्नाची नासाडी," असं ते म्हणत, आणि तरी वाढत, कारण देवळातल्या स्वयंपाक्याला पंगतीची निवड करता येत नाही. ती मुभा असती तर मणिकट्टेच्या महालिंगेश्वराच्या देवळात अर्धी पानं रिकामी राहिली असती.

त्या देवळाचे ते मुख्य स्वयंपाकी. त्यांच्या वडिलांनी तीच चूल फुंकली होती, आणि फुंकता फुंकता आपला सगळा तोरा मुलाच्या हवाली केला होता. गाव त्यांना "भट्रे" म्हणायचं. कुंदापूरपासून इकडे खाडीपर्यंत कुणाकडेही मोठं जेवण निघालं की भट्रेंचं नाव आधी निघे. कोहळ्याची हुळी करावी तर त्यांनी, असं लोक म्हणत. हुळी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, डाळ, भाजी, चिंच आणि वाटलेला मसाला. पण हंडाभर हुळी न चाखता जमवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

न चाखता, हेच त्यातलं मुख्य. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्या स्वयंपाकघरात कशाचीही चव घ्यायची नाही. घरी बाया तळहातावर थेंब घेऊन जीभ लावतात, तसलं तिथे काही नाही. हंड्यावर वाकून वास घेतला तरी सोवळं मोडलं. डोळ्यांनी पाहायचं, पळा उचलून धार पाहायची, आणि मीठ हाताच्या अंदाजाने. "ज्याचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही त्याने चुलीपुढे उभं राहू नये. त्याने कारकुनी करावी," असं ऐताळ हाताखालच्यांना ऐकवत. हाताखाली मुख्य म्हणजे शेषगिरी मय्या, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो "हो भावय्या" म्हणे आणि नारळ खवत राही.

तिकडे केळीचं पान मांडलं की सगळ्यात आधी त्याच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ पडतं. मग लोणचं, मग बाकीचं. ऐताळांचा अभिमान असा, की त्यांच्या पंगतीतलं ते मीठ जसंच्या तसं उष्ट्या पानाबरोबर बाहेर जायचं. पंगत उठली की दोन्ही हात पाठीमागे बांधून ते देवळामागे उष्ट्या पानांच्या ढिगाशी जात. गाई पानं ओढत असत, आणि अर्धवट उलगडलेल्या पानांवर ती पांढरी चिमूट दिसत असे. "बघ, शेषगिरी. एकानेही हात लावला नाही." एवढं बोलून ते विडा लावत. माणसाने आपली थोरवी उष्ट्यात शोधावी, हे त्यांना कधी विचित्र वाटलं नाही.

काळजीवाल्यांचा इतका राग असलेल्या माणसाला बायको मात्र नेमकी तशीच मिळाली होती. वनजाक्षी लग्न होऊन आली तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलं की तिचं सुरू व्हायचं. गॅस बंद केला ना? मागचं दार लावलं ना? ऐताळ चारचौघांत मुद्दाम आवाज चढवून उत्तर देत, "नाही, चालूच ठेवलाय. घर जळावं म्हणून!" लोक हसत. वनजाक्षी ओठ मिटून पुढे चालायला लागे. हा विनोद ऐताळांना इतका आवडला होता की त्यांनी तो लग्नात, मुंजीत आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणातही सांगितला. सगळे हसले, कारण हुळीचा पळा त्यांच्या हातात होता.

त्या वर्षी कुंभ संक्रमणाच्या पंगतीला काय झालं, ते तसं पाहिलं तर क्षुल्लक होतं. ऐताळांनी करवंटीने मापून हुळीत मीठ घातलं, आणि तेवढ्यात देवस्थानचे मुख्य विश्वस्त संजीव हेगडे दाराशी आले. हेगडेंना भोजनशाळेच्या नव्या छपराबद्दल बोलायचं होतं, आणि हेगडे बोलायला लागले की समोरच्याने श्वास घ्यायचीसुद्धा सोय राहत नसे. छप्पर झालं, खांब झाले, खांबांवर कुणाकुणाची नावं कोरायची तेही झालं. ऐताळ परत हंड्याशी आले, करवंटी भरली, आणि मीठ घातलं. दुसऱ्यांदा.

पहिल्याच पंगतीत एका म्हाताऱ्या मास्तरांनी भातात हुळी कालवली, एक घास घेतला आणि पाण्याचा पेला उचलला. "ह्वाय भट्रे," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "समुद्र थेट तुमच्या चुलीपर्यंत आला की काय हो?"

सगळी पंगत खदाखदा हसली. ऐताळ स्वयंपाकघरात वळले आणि शेषगिरीवर खेकसले, "तुला कुणी सांगितलं होतं मिठाला हात लावायला?" शेषगिरीने मिठाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याने मान खाली घातली. मान खाली घालणं हे त्या स्वयंपाकघरात त्याचं निम्मं काम होतं, आणि ते तो चांगलं करायचा.

हेगडे संध्याकाळी घरी आले. ओसरीवर बसून कॉफी प्याले. "ऐताळरे, झालं ते झालं," ते म्हणाले. "पण पुढच्या महिन्यात रथोत्सव आहे. आमदार येणार, मुंबईहून आपले हॉटेलवाले येणार. तेव्हा असं झालं, तर मी तुमची बाजू घेणार नाही. मंडळात लोक आताच म्हणतायत, उडुपीहून दुसरे भट आणा."

"माझ्या हयातीत?" ऐताळ म्हणाले.

"तुमच्या हयातीतच म्हणतायत, मारायरे. नंतरचं कोण कशाला आत्ता बोलेल?"

दुसऱ्या दिवसापासून ऐताळांच्या पाठीमागे ते लागलं. त्याला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण तो शब्द ते स्वतःसाठी वापरायला तयार नव्हते. रोजच्या नैवेद्याची हुळी उकळत असायची, मीठ घालून झालेलं असायचं, आणि पाठ वळवली की कुणीतरी कानाशी म्हणायचं, घातलंस का नक्की? ते वळून हंड्यात बघायचे. हुळीत विरघळलेलं मीठ दिसतं थोडंच. उकळ्या तेवढ्या फुटत राहायच्या.

सरळ विचारायची तर लाज. मग ते आडून विचारायला लागले. "काय रे शेषगिरी, आज मीठ जरा ओलं वाटलं, नाही?" शेषगिरी म्हणायचा, "मगाशी घातलंत तेव्हा तर कोरडं होतं, भावय्या." तेवढ्याने जीव भांड्यात पडायचा, पण भांडं गळकं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू: मगाशी म्हणजे कधी? हुळीत घातलेलं पाहिलं त्याने, की पल्याच्या सुक्या भाजीत?

मग त्यांनी युक्ती काढली. मीठ घातलं की करवंटी चुलीच्या कट्ट्यावर पालथी घालायची. पालथी करवंटी म्हणजे मीठ पडलं. ही युक्ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी ते पालथ्या करवंटीकडे बघत उभे राहिले. ही आजची पालथी, की कालची तशीच राहिलेली? ज्या माणसाने आयुष्यभर कुलूप ओढून बघणाऱ्यांची टर उडवली, तो करवंटीकडे डोळे लावून घामाघूम झाला.

आणि असल्या गोष्टी स्वयंपाकघरात राहत नाहीत, त्या मागोमाग घरी येतात. ऐताळ देवळात जायला निघत, गल्लीच्या टोकापर्यंत पोचत, आणि परत फिरत. दाराला हात लावून बघत. वनजाक्षी ओसरीवर फुलं ओवत बसलेली असे, तिने वर पाहिलं की म्हणत, "छत्री राहिली." बाहेर ऊन रणरणत असे. ती फुलं ओवत राही.

कुणी तरी सांगितलं म्हणून एक दिवस ते गुळाची चौकशी करायच्या निमित्ताने कुंदापूरला गेले आणि एका सभागृहात मागच्या खुर्चीवर बसले. तिथे कुणी प्रभाकर राव नावाचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ चिंता घालवायचं शिकवत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना कर्ज देऊन ज्यांनी त्यांची झोप उडवली, ते आता झोप यायचे उपाय सांगत होते. गळ्यात माईक, कपाळावर गंध, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याला हात धुवावेसे वाटावेत. "श्वास आत... श्वास बाहेर... आता प्रत्येकाने आपली चिंता कागदावर लिहा. आणि टरकावून टाका! संपली!" सभागृहात कागद फाटल्याचा आवाज झाला. बाया मोकळ्या झाल्यासारख्या हसल्या.

ऐताळांनीही लिहिलं, एकच शब्द: मीठ. फाडलं, टोपलीत टाकलं, आणि दारापर्यंत गेल्यावर त्यांना वाटलं, नीट बारीक फाडलं ना? गावातल्या कुणी उचलून वाचलं तर? सगळे चहाला गेलेले पाहून ते परत आले आणि टोपलीत हात घालून आपले तुकडे शोधायला लागले. आपला हात इतरांच्या फाटक्या चिंतांमध्ये चाळवाचाळव करतोय हे पाहून त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की परतीच्या बसमध्ये त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

घरी आले तर वनजाक्षी ओसरीवर बसलेली. दुपारची वेळ. तिने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मिळाला गूळ?"

"कसला गूळ?"

"ज्याला गेला होतात."

ऐताळ पाणी प्याले. ती समोर खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "किती दिवस छत्री विसरणार आहात?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही करायचं नाही. पण तुम्ही दार ओढून बघता ना, ते बघायची तऱ्हा माझी आहे. मी असंच, आधी हलकं, मग जोरात ओढायचे. तुमची ती शंका माझ्या ओळखीची आहे, अहो. ह्याच घरात वाढलीय ती."

"मला कसलीही शंका नाही," ऐताळ म्हणाले. "तुझ्यासारखा गॅस गॅस करत फिरत नाही मी."

वनजाक्षीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते इतरांकडे पाहायचे. "गॅसचं मी शेवटचं कधी विचारलं, सांगा बरं."

"काल-परवाच विचारलं असशील."

"आपल्या लेकीच्या, सुपर्णाच्या लग्नाच्या आधी. आता सुपर्णाची मुलगी शाळेत जाते."

ऐताळांनी मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. त्यांना आठवेना. मागच्याच महिन्यात त्यांनी तो घर जळण्याचा विनोद एका बारशाला सांगितला होता, आणि वनजाक्षी तिथेच पंगतीत होती. प्रश्न केव्हाच बंद पडला होता. उत्तरच तेवढं चालू राहिलं होतं.

"तीर्थहळ्ळीच्या मुंजीला निघालो होतो," ती सांगू लागली. "बस सुटली आणि मी विचारलं, गॅस बंद केला ना. तुम्ही उठून कंडक्टरला म्हणालात, 'ह्वाय, गाडी थांबवा, हिचं घर जळतंय, हिला बघून येऊ द्या.' सगळी बस हसली. मागे कुणी तर टाळ्या पिटल्या."

"गंमत केली होती, मारायती."

"केलीत ना. मला त्या दिवशी असा राग आला, असा राग आला, की म्हटलं जळू दे घर. जळालं तर ह्या माणसाचंही जळेल."

ऐताळांनी रिकामा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला.

"मग घाट चढेपर्यंत पोटात नुसता पीळ. हात गार पडलेले. वाटे उतरावं, परत जावं, शेजारणीला फोन करावा. पण उतरायचं म्हणजे तुमच्यासमोरून उतरायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं. बसून राहिले. आणि घाट संपता संपता पीळ आपोआप सैल झाला. मी नाही दमले, तीच दमली."

"ती कोण?"

"शंका, आणखी कोण! तिला उत्तर दिलं की ती दुसरा प्रश्न घेऊन येते. गॅस बंद आहे? मग बटण पुरतं फिरवलं होतं का? फिरवलं? मग नळी जुनी झालीय का? तिचं पोट भरतच नाही. म्हणून तिला उत्तरच द्यायचं नाही. हिंग लावूनही विचारायचं नाही. बसायचंय, बस म्हणायचं, आणि आपण आपलं काम करायचं. पहिले काही महिने जीव जातो. मग ती कोपऱ्यात पडून राहते, म्हाताऱ्या मांजरासारखी."

"आणि खरंच जळलं असतं तर?"

"तर जळलं असतं," वनजाक्षी म्हणाली. "तेवढं मान्य केल्याशिवाय बाईला ही पायरी उतरता येत नाही. तुम्हाला कधी मान्य करावं लागलं नाही, कारण घर माझ्या डोक्यावर टाकून तुम्ही निघायचात. तुम्ही काही शूर नव्हता, अहो. तुमची काळजी मी करत होते, एवढंच."

ऐताळ उठायला लागले. तिने हाताने बसा म्हटलं, आणि ते बसले; हे दोघांनाही नवीन होतं.

"आणखी एक. पानावर मीठ आधी का वाढतात?"

"रीत आहे."

"कशासाठी रीत? ज्यांनी चाखायचं नाही असा नियम केला, ते काही वेडे नव्हते. न चाखता शिजवलं की कधी तरी कमी पडणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी कोपऱ्यात चिमूट ठेवली. तुमच्यासाठी ठेवली. आणि तुम्ही तिला छातीवरचा बिल्ला करून बसलात! कमी पडलं तर माणूस हाताने घालून घेतो. दुसऱ्यांदा पडलं तर काढायला कुणाचा बाप येणार आहे?"

"बायकी शहाणपण," ऐताळ म्हणाले आणि आत गेले. पण ते बोलणं दातात अडकलेल्या धाग्यासारखं त्यांच्या जिभेला लागत राहिलं.

रथोत्सवाच्या दिवशी मणिकट्टेत पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे हॉटेलवाले गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालून आले होते आणि वर्षभर लोकांना पातळ सांबार पाजून मिळवलेलं पुण्य देवापुढे मिरवत होते. आमदार आला, तासभर सगळ्यांना उन्हात ठेवलं, आणि साधेपणावर बोलला. हेगडे त्याच्या मागेपुढे धावत होते. मागच्या अंगणात बाया भाजी चिरत बसल्या होत्या, त्यांत वनजाक्षी होती. स्वयंपाकघरात चुली रसरसल्या होत्या.

हुळीच्या मोठ्या हंड्यात ऐताळांनी मसाला सोडला, उकळी आणली, करवंटीने मापून मीठ घातलं, पळ्याने तळापासून ढवळलं. ढवळत असतानाच दाराशी हेगडे ओरडले, "ऐताळरे, आमदारांना डायबेटीस आहे, पायस बिनसाखरेचं थोडं वेगळं होईल का?" पायसात गूळ असतो हे तीस वर्षं देवस्थान चालवणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. ऐताळांनी "होईल" म्हणून त्याला वाटेला लावलं, आणि वळले.

हंडा उकळत होता. करवंटी मिठाच्या भांड्यात पडली होती, उताणी. घातलं का?

पोटात पीळ पडला. त्यांनी हात आठवून पाहिला, खांदा आठवून पाहिला. आठवला, पण तो आजचा की कालचा ते कळेना. करवंटी त्यांच्या हातात आली. भरली. हंड्यावर नेली. खाली हुळी रटरटत होती आणि मिठाचे खडे करवंटीच्या काठावर आले होते.

"शेषगिरी," ते म्हणाले. ह्या खेपेला आडून विचारायला सवड नव्हती. "मी मीठ घातलं का रे?"

शेषगिरीने खोबऱ्यावरून मान वर केली. बऱ्याच दिवसांनी केली. "मला काय माहीत, भावय्या? मिठाकडे मी बघत नाही. मागच्या खेपेला न बघताच केवढं माझ्या अंगाला लागलं!"

त्याने मान खाली घातली नाही. ऐताळांनाच दुसरीकडे पाहावं लागलं.

दाराबाहेर वनजाक्षी कोहळ्याच्या फोडी टोपलीत भरत होती. तिने एकदा आत पाहिलं, हंड्यावर धरलेली करवंटी पाहिली. तिच्या नजरेत दयामाया नव्हती, उत्तरही नव्हतं. बसमधून उतरायचं तर ह्या बाईसमोरून उतरावं लागणार, हे ऐताळांच्या ध्यानात आलं.

त्यांनी करवंटी मागे घेतली आणि मीठ भांड्यात परत टाकलं. हात धुतला. पुसला. मग पायसाच्या हंड्याकडे गेले आणि ढवळायला लागले. कानाशी ते बोलतच होतं: आमदार आहे, मुंबईवाले आहेत, अळणी गेलं तर तोंड काळं होईल, अजून वेळ आहे, अर्धी करवंटी तरी टाक. "मर," ऐताळ म्हणाले. पायस ढवळणारा पोऱ्या दचकला. "तुला नाही," ते म्हणाले. गुळाचा पाक तळाला लागत होता, त्याकडे त्यांना बघायचं होतं. घंटा वाजली, पडदा पडला, नैवेद्य झाला. आता चाखता आलं असतं. पण वाढपी पातेली घेऊन दारात उभे होते, आणि ऐताळांनी पळा उचलून भरायला सुरुवात केली. पीळ होताच. तो असतानाही हात चालतो, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

पंगती बसल्या. ते दाराआड उभे राहिले. हुळी वाढून झाली होती आणि लोक भुरके मारत होते. मध्येच कुणीतरी ओरडलं, "इकडे मीठ आणा!" वाढपी धावला. ते हुळीसाठी होतं की ताकभातासाठी, की मागणाऱ्याला मुळातच खारट खायची सवय, कोण सांगणार. कुणी मागे वळून "भट्रे" म्हणून हाक मारली नाही. कुणी वाहवाही केली नाही. फुकटचं जेवण असलं की लोक फार बोलत नाहीत, दुसऱ्यांदा भात मागतात.

शेवटची मोठी पंगत उठली तेव्हा हुळीचा हंडा खरवडून रिकामा झाला होता आणि शेषगिरीने त्यात पाणी ओतलं होतं. ऐताळांचे पाय आपोआप देवळामागे वळले. ढीग कमरेइतका होता. गाई पानं ओढत होत्या. दोन पावलं पुढे गेलं की कळणार होतं. पानांच्या कोपऱ्यात ती चिमूट शिल्लक आहे की नाही, एवढं बघायचं. हात पाठीमागे बांधलेले. एक तांबडी गाय मान वर करून त्यांच्याकडे बघत रवंथ करत होती. उष्ट्याशी उभा राहून गाईकडून आपली परीक्षा घ्यायला निघालेला म्हातारा त्यांना स्वतःलाच दिसला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला तो सगळा तुच्छपणा एकदम त्यांच्याच अंगावर आला.

"हात् तुझ्या," ते म्हणाले आणि परत फिरले.

स्वयंपाकघराच्या पडवीत उरल्यासुरल्यांची पानं मांडली होती. सगळे जेवून गेल्यावर तिथे कोण वाढतंय हे कुणी पाहत नाही. वनजाक्षीच वाढायला उभी होती. हुळी संपली होती, म्हणून नुसता भात, सार आणि ताक. ऐताळ पानावर बसले. न विचारायचं असं त्यांनी गाईपासून पडवीपर्यंत पक्कं ठरवलं होतं, आणि पानावर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं.

"वनजा, हुळीत मीठ होतं ना?"

पडवीत बसलेले सगळे थांबले. शेषगिरीचा घास हातातच राहिला. वनजाक्षीने मिठाचं भांडं कमरेवर घेतलं आणि मुद्दाम आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"नव्हतं. अख्खं गाव अळणी जेवून गेलं!"

शेषगिरी आधी हसला. मग भाजी चिरणाऱ्या बाया हसल्या, मग वाढपी. ऐताळांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खरं की खोटं, काही समजायला मार्ग नव्हता. तीस वर्षं तिलाही त्यांच्या तोंडावरून समजलं नव्हतं. त्यांना पुन्हा विचारावंसं वाटलं. प्रश्न अगदी ओठावर आला. त्यांनी भाताचा घास केला आणि त्याच्याबरोबर तो गिळला.

वनजाक्षी वाकली आणि त्यांच्या पानाच्या कोपऱ्यात तिने मीठ वाढलं. जरा जास्तच वाढलं.